हळदीसाठी आल्याची बीअर

ऋतिकाचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी पाहुणे जिना उतरून गेले आणि तिने वडिलांपुढे एकच अट ठेवली.

"पप्पा, हळद मोठी करायची तर तुम्ही शेवटपर्यंत मांडवात पाहिजे. मधेच निघून जाणार असाल तर आत्ताच सांगा. आम्ही रजिस्टर करून मोकळे होतो."

पोपट म्हात्रे उठले. पाहुण्यांच्या चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले. पण त्या कपांबरोबर ते स्वतःही बराच वेळ आत राहिले, तेव्हा त्यांच्या बायकोला, नीलाला, कळलं की बाण लागलाय.

शीळफाट्याकडून कल्याणला जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की म्हात्र्यांचं गाव. आता गाव म्हणायला गावदेवीचं देऊळ आणि दोन आळ्या उरल्यात, बाकी टॉवर. जमिनी गेल्या, इमारती आल्या, आणि गावातल्या बऱ्याच जणांच्या नावामागे 'शेठ' लागलं. पोपटरावांच्याही लागलं. पण त्यांनी नोकरी सोडली नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. प्रेशर किती, पाणी किती, तापमान किती, दर तासाला वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावरही खिशातली छोटी वही आणि कानामागचं पेन सुटलं नाही.

आगऱ्यांच्या घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. बेंजो, नाच, मटण, आणि मांडवाच्या मागच्या बाजूला बीअरचे क्रेट. अकरा वर्षांपूर्वी पुतणीच्या हळदीत पोपटराव इतके प्यायले होते की नवरीसमोर घातलेल्या रांगोळीच्या चौकात पडले. हळदीची वाटी उपडी झाली. बायका गाता गाता थांबल्या. त्या वेळी चौदा वर्षांची ऋतिका पुढे झाली, तिने आणि नीलाने त्यांना केटरर्सच्या हातगाडीवर घालून घरी आणलं. त्यानंतर पोपटरावांनी दारूला हात लावलेला नाही. पण हळदीत उभं राहायचं धाडसही त्यांना झालेलं नाही. कुणाचीही हळद असो, पहिली बाटली उघडायच्या आत अहेर देऊन ते घरी.

"मला वास आला ना, की पाय आपोआप तिकडे वळतात," असं त्यांनी एकदा राजरत्नला सांगितलं होतं. राजरत्न त्यांच्याच कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट होता. आता ठाण्याला खोपटला राहतो. व्यसन सोडलेल्या लोकांची जी शनिवारची बैठक भरते तिथे पोपटरावांना हात धरून नेणारा तोच. त्याने स्वतः दारू सोडून बावीस वर्षं झालेली.

ऋतिकाला उत्तर द्यायला पोपटरावांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "शेवटपर्यंत थांबेन. पण आपल्या हळदीत दारू नाही."

धाकटा भाऊ भिवा समोरच बसला होता. तो हसायलाच लागला.

"दादा, चारशे माणूस येईल. त्यांच्या हातात काय देशील? रसना?"

"बघू."

"बघू नाय. माझा साडू सरबताचा ग्लास धरून उभा राहील काय? लोक जेवायच्या आधी गाड्या काढतील. आणि नाव कुणाचं जाईल? म्हात्र्यांचं."

भिवा बोलायला तिखट, पण खोटं बोलत नव्हता. पुरुषाच्या हातात फेस येणारं, जिभेला चावणारं काहीतरी हवं. त्याशिवाय हळद त्याला आपली वाटत नाही. पोपटरावांनाही एके काळी वाटली नसती.

इथे त्यांच्या एका गुपिताचा उपयोग झाला. गेली दोन वर्षं ते मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे बीअर करण्याचे व्हिडिओ बघत असत. प्यायच्या ओढीने नाही. आपल्या स्वयंपाकघरात, गॅसवर, भलंमोठं पातेलं ठेवून माणूस तापमान मोजतो, वहीत लिहितो, नळी जोडतो, बुडबुडे मोजतो, हे त्यांना बॉयलर हाउससारखंच वाटे. एकदा नीलाने मागून येऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तेव्हापासून ते गच्चीत जाऊन बघत. घरी खरी बीअर करायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या नियमात तर मुळीच नाही. पण त्याच व्हिडिओंमध्ये आल्याची बीअर होती. किसलेलं आलं, साखर, पाणी. चार-पाच दिवसांत त्याला जीव येतो, आणि मग त्या विरजणावर लिंबू घातलेलं आल्याचं गोड पाणी फसफसतं. फेस येतो, घशाला झणका बसतो.

त्यांनी राजरत्नला फोन केला.

"यात दारू किती असेल रे?"

"किती दिवस ठेवतोस त्यावर आहे. तीन दिवसांत बर्फात घातलंस तर नावाला. आठवडाभर उन्हात ठेवलंस तर सांगता येत नाही. पण शून्य नाही, पोपट. हे लोकांना सांगायचं, आणि तू स्वतः तोंडाला लावायचं नाही."

"थेंबही नाही."

"हां. मग कर. आणि मला रोज आकडे सांग. घरी बसून कंटाळलोय."

डिसेंबरात सुरुवात झाली. घरात कॉफीची एक जुनी मोठी काचेची बरणी होती, तीच घेतली. पहिल्या खेपेला पोपटरावांनी पाणी उकळून, कडकडीत असतानाच आल्यावर ओतलं. बॉयलरवाल्याचा उष्णतेवर फार विश्वास. सहा दिवस बरणीसमोर स्टूल टाकून बसले, बुडबुडा नाही. राजरत्न म्हणाला, "आल्याच्या सालीवर जे जिवंत होतं ते तू शिजवलंस. भाजी केलीस." दुसऱ्या खेपेला कोमट पाणी, साल न काढता किसलेलं आलं, रोज एक चमचा आलं आणि एक चमचा साखर. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येई, म्हणून ते रात्रभर उघड्या हंड्यात ठेवलेलं. चौथ्या दिवशी सकाळी बरणीला कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू आली. पोपटरावांनी अख्ख्या घराला बोलावून एकेकाला कान लावायला सांगितला. ऋतिका ऑफिसला निघाली होती, तिनेही केसांची क्लिप सावरत कान लावला.

"पप्पा, हे काहीतरी बोलतंय."

"मग! जिवंत आहे ते."

त्यांच्या आईने, गोदूबाईंनी मात्र कान लावला नाही. नव्वदीच्या घरात आलेली ही बाई तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत होती. ती लांबूनच म्हणाली, "बोलतं तर बोलू दे. त्याला नजर लावू नका."

आंबूस वास पहिल्यांदा आला तेव्हा पोपटराव दोन पावलं मागे सरले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने आत येऊन वहीत लिहिलं: 'वास. तीन मिनिटं बाहेर.' दुसऱ्या दिवशी लिहिलं: 'वास. एक मिनिट.' आठवड्याने ती नोंद बंद झाली.

मग बाटल्या. आल्याच्या गोड पाण्यात विरजण मिसळून काचेच्या सहा बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या, बुचं दाबून बसवली आणि फडताळात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे फडताळात बॉम्ब फुटला. लागोपाठ दुसरा. काचा, आलं आणि चिकट पाणी डब्यांवरून ओघळत होतं. नीला दारात उभी.

"बत्तीस वर्षं बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह लावलात. आणि बाटलीला बूच ठोकून बसवता?"

पोपटरावांनी वहीत 'प्रेशर' हा शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग सोड्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्यांचा गुण असा की बाहेरून दाबून आतलं कळतं. पहिल्या दिवशी बाटली मऊ, दुसऱ्या दिवशी घट्ट, आणि दगडासारखी लागली की लगेच बर्फात.

चव बघायचं काम नीलाचं. पहिला घोट घेऊन ती खोकली, डोळ्यांत पाणी आलं, मग हसली. "लागतं हो नाकात! अजून थोडं लिंबू घाला." जानेवारीत भिवाला न सांगता ग्लास पुढे केला. त्याने निम्मा संपवला, मग ग्लासाकडे बघितलं.

"काय आहे हे?"

"आल्याचं."

"बरं आहे," भिवा म्हणाला. "पण चढत तर नाय. मी माझे चार क्रेट आणून ठेवतोच. तुझं फसलं तर लाज राखायला."

हळद फेब्रुवारीच्या अखेरच्या शुक्रवारी. ऐंशी बाटल्या करायच्या म्हणजे विरजणच आठ लिटर पाहिजे. अठरा दिवस आधी पोपटरावांनी कल्याणच्या बाजारातून आल्याचं पोतं आणलं, चार नव्या काचेच्या बरण्या आणल्या. आलं, साखर, रात्रभर ठेवलेलं पाणी. सगळं वहीप्रमाणे. तिसरा दिवस, चौथा दिवस, पाचवा. बरणीला कान लावला तर आपल्याच कानातली गुणगुण ऐकू यायची.

सहाव्या दिवशी त्यांनी चारही ओतून दिल्या. आलं तेच, पाणी तेच, हवा तीच. मग बदललं काय? बरण्या. काचेला कारखान्यातलं काहीतरी लागलेलं असणार. त्या माळ्यावर टाकून त्यांनी चार नवे स्टीलचे डबे आणले, पुन्हा सगळं भरलं. पुन्हा पाच दिवस. डब्यांत मुंगीही फिरकली नाही. आणि गंमत म्हणजे स्वयंपाकघरातली जुनी कॉफीची बरणी मजेत चुरचुरत होती.

आता सात दिवस उरले होते. भिवा रोज संध्याकाळी येऊन डब्यांवर टकटक करून जाई. "झोपलेत वाटतं." ऋतिका काही विचारत नव्हती. हळदीच्या पिवळ्या साड्या इस्त्रीला द्यायच्या राहिल्यात एवढंच बोलायची. तिचं ते न विचारणं पोपटरावांना जास्त लागे. नीलाला ते म्हणाले, "नसेल जमत तर आणू देत भिवाला क्रेट. मी पहिली बाटली उघडायच्या आत घरी येईन. पोरीला सांगू काहीतरी."

"तुम्हीच सांगा तिला," नीला म्हणाली. "मी नाही सांगणार."

त्या दुपारी त्यांनी राजरत्नला फोन लावून सगळी वही वाचून दाखवली. आलं किती ग्रॅम, साखर किती, पाण्याचं तापमान, खोलीचं तापमान, झाकणाचं फडकं कुठलं.

राजरत्न ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चव लिहिलेली नाहीस."

"मी चव घेत नाही. तुला ठाऊक आहे."

"नीलावहिनींनी?"

"ती तयार झालेल्याची घेते. विरजण कोण चाखतं?"

"पोपट, ज्यात एक बुडबुडा आला नाही त्यात दारू कुठून येणार? ते आल्याचं पाणी आहे. बोट बुडव आणि जिभेला लाव."

पोपटराव फोन हातात धरून डब्यासमोर उभे राहिले. अकरा वर्षांत जे जिभेवर ठेवायचं नाही त्याच्या इतक्या जवळ बोट गेलं नव्हतं. त्यांनी बोट बुडवलं, जिभेच्या टोकाला लावलं, आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"मीठ!"

"काय?"

"अरे खारट आहे. खाडीसारखं खारट!"

"झालं मग. मिठाने मारलं ते. आता कुणी घातलं ते शोध."

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गोदूबाई स्वयंपाकघरात ओट्याशेजारी लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई, त्या डब्यांत मीठ कुणी टाकलं?"

"मीनीच टाकला," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"कशाला?"

आता त्यांनी मान वर केली. एवढं साधं या मुलाला कसं ठाऊक नाही, असा भाव. "नवा भांडा घरान आला का पयला त्यान मीठ पराला पायजे. कोरा भांडा रिकामा राह्यला तं घर रिकामा करतं. तुझ्या बायकोचा कुकर आनलास, त्यान कोनी टाकला व्हता? मीनीच. फ्रिज आनलास, त्यान पन मीनीच."

"फ्रिजमध्ये?"

"कोपऱ्यान वाटी हाय बघ."

नीलाने फ्रिज उघडला. भाजीच्या कप्प्यामागे खरंच खड्यांच्या मिठाची छोटी वाटी होती. सहा वर्षं ती तिथे होती आणि नीलाला वाटायचं की ती वासासाठी ठेवलीये.

"एवढंसं असतं तर चाललं असतं गं आई. किती टाकलंस?"

"डब्याला एक मूठ. लग्नाचा काम हाय, हात आखडून चालल काय? सकाली तू उठाच्या पयले, देवाला दिवा लावून टाकला." मग जरा थांबून, "त्या बरन्यान पन टाकला व्हता."

"आणि कॉफीच्या बरणीत?"

"ती जुनी नाय का? जुन्याला कशाला?"

पोपटरावांनी वही उघडली. दर तासाचे आकडे, दोन रंगांची पेनं, रेघा, बाण. आणि घरातली सगळ्यात आधी उठणारी बाई त्या वहीत कुठेच नव्हती. ते तसेच खाली ओट्याला टेकून बसले आणि इतके हसले की गोदूबाई घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"माझा चुकला काय रं बाला?"

"नाही गं. मी विचारलं नाही, माझं चुकलं."

त्या संध्याकाळी पोपटराव आणि नीला दोघं आळीत दारोदार फिरले. जुन्या बरण्या द्या. बिस्किटांच्या, कॉफीच्या, काहीही, पण जुन्या. लोणच्याच्या नकोत. लग्नघरचा माणूस जुन्या बरण्या मागतोय म्हटल्यावर आळीला विषय मिळाला, पण बरण्याही अकरा मिळाल्या. कॉफीच्या बरणीतलं जिवंत विरजण त्यांत थोडं थोडं वाटलं, रोज खाऊ घातलं. गोदूबाईंची हौस राहू नये म्हणून प्रत्येक बरणीच्या बाहेर, बशीत, मिठाचे चार खडे. तिसऱ्या दिवशी अकराही बरण्या एकदम चुरचुरायला लागल्या. रविवारची दुपार, पंखा बंद करून घर गप्प बसून ऐकत होतं. राजरत्न मंगळवारी खोपटहून बस पकडून दारूचा अंश मोजायचं काचेचं यंत्र घेऊन आला आणि बाटल्या भरायला गुरुवारपर्यंत राहिला. गुरुवारी संध्याकाळी त्याने बाटल्या तपासल्या. "नावालाच आहे," तो म्हणाला. "पण पाटी लाव."

हळदीच्या संध्याकाळी मांडवाच्या मागे नाही, मांडवाच्या मधोमध, टेबल लागलं. बर्फाने भरलेले टब, त्यांत ऐंशी बाटल्या, आणि ऋतिकाच्या अक्षरातली पाटी: 'आल्याची घरगुती बीअर. थोडी आंबवलेली आहे. मुलांना आणि गाडी चालवणाऱ्यांना लिंबू सरबत.' टेबलामागे पोपटराव, बाह्या दुमडून. प्रत्येक बाटलीचं झाकण आधी थोडं सैल करायचं, दाब सोडायचा, मग उघडायचं. हे काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही.

पहिल्यांदा लोक हसले. भिवाचा साडू ग्लास नाकाला लावून म्हणाला, "शेठ, बॉयलरचं पाणी काय हे?" मग प्यायला. मग दुसरा मागितला. बाटली उघडली की सुंईऽऽ आवाज होई आणि आजूबाजूचे वळून बघत. बेंजो सुरू झाला. लोक ग्लास वर धरून नाचायला लागले, अगदी जसे नेहमी नाचतात तसे, आणि पोपटराव त्यांच्या मधे उभे होते. एक ग्लास ओतून झाला की दुसरा हात पुढे. विचार करायलाही सवड नव्हती.

त्यांचा हिशोब होता की रात्रीच्या जेवणापर्यंत पुरेल. साडेआठलाच शेवटची बाटली संपली.

रिकाम्या टबांत बर्फ तेवढा उरला. लोक येत, बघत, परत जात. पोपटरावांना एकदम आपले दोन्ही हात मोकळे असल्याचं जाणवलं. भिवा शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी तो हसत नव्हता.

"दादा, लोकांना आवडलं. खरंच आवडलं. पण अजून दोन तास आहेत. टेम्पोत माझे क्रेट आहेत. काढू?"

"मांडवात नाही."

"आणि बाहेर?"

"बाहेरचा रस्ता माझा नाही, भिवा. मी कुणाचा हात धरू शकत नाही."

भिवा घुटमळला आणि निघून गेला. थोड्या वेळात कुंपणापलीकडून झाकणं उडाल्याचे आवाज यायला लागले. वीस-पंचवीस जण तिकडे गेले. बरेच गेले नाहीत. वाऱ्याबरोबर तो वास आला, ओळखीचा. टेबलामागे काम नाही, टबांत बाटल्या नाहीत, ओतायला काही नाही. अशा वेळी अकरा वर्षं त्यांचे पाय घराकडे निघालेले असत.

पाटावर बसलेली ऋतिका त्यांच्याकडेच बघत होती. धवलारणींनी, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायकांनी, नवा धवला सुरू केला होता. पोपटरावांनी नॅपकिनला हात पुसले आणि माणसांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेले. खाली वाकून तिच्या कानात म्हणाले, "संपलं सगळं."

"कळलं मला."

"वास येतोय गं."

ऋतिकाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग थोडी सरकली. पाटाच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

"बसा," ती म्हणाली. "अजून सात धवले आहेत. आजीने मोजलेत."

पोपटराव मांडी घालून खाली बसले. एका म्हातारीने ओंजळभर ओली हळद आणून आधी ऋतिकाच्या आणि मग, विचारल्याशिवाय, त्यांच्याही गालांना फासली. नवीन शर्टवर ओघळ आले. त्यांनी ते पुसले नाहीत. बायका गात होत्या, आणि पोपटराव बोटांवर धवले मोजत बसले होते. पहिला, दुसरा, तिसरा.